अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या 'डायव्हर्सिटी रेसिडेन्सी'ला भारतीय विद्यार्थ्याने अर्ज करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एम.लिब. झालंय, आता अमेरिकेत एमएलआयएसचं, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या तिथल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष सुरू आहे. ओपन अ‍ॅक्सेस (संशोधन सर्वांना मोफत खुलं करणं) आणि रिपॉझिटरीच्या (संस्थेच्या डिजिटल भांडाराच्या) कामात रस आहे. प्राध्यापक म्हणतात, डायव्हर्सिटी रेसिडेन्सीला अर्ज कर. हे नेमकं काय असतं, भारतीय नागरिकाला चालतं का, आणि त्यात दोन-तीन वर्षं घालावीत का?

अर्ज जरूर करा. पण जाहिरात उघडण्याआधी आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला दाखला) आणि कॅलेंडर समोर घ्या. रेसिडेन्सी मिळेल का, हा तुमच्यासाठी दुसरा प्रश्न. तिच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही कोणत्या व्हिसावर असाल, हा पहिला.

रेसिडेन्सी म्हटलं की आपल्याला ससूनचे निवासी डॉक्टर आठवतात. तुलना बऱ्यापैकी जुळते: पदवी झालेली आहे, पगार सुरू आहे, पण शिकवणारं कोणीतरी डोक्यावर आहे. तिथल्या ग्रंथालयशास्त्र शिक्षकांच्या संघटनेने, म्हणजे अलाइसने, १९९२ मध्ये शब्दांची वाटणी करून ठेवली होती. पदवीआधीची ती इंटर्नशिप, पदवीनंतर लगेचची ती रेसिडेन्सी, अनुभवी माणसाची ती फेलोशिप. ही वाटणी फारशी कोणी पाळत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचं ग्रंथालय १९९९ पासून 'फेलोज' नावाने जे चालवतं, ती खरं तर नवपदवीधरांची दोन वर्षांची रेसिडेन्सीच. म्हणून शोधताना 'रेसिडेंट', 'फेलो' आणि 'अर्ली करिअर' हे तिन्ही शब्द टाका.

'डायव्हर्सिटी' हा भाग कुठून आला? अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने, म्हणजे एएलएने, २०१२ मध्ये दिलेल्या आकडेवारीत पदवीधारक ग्रंथपालांपैकी ८८ टक्के श्वेतवर्णीय होते. हे जुनंच चित्र बदलावं म्हणून अशा रेसिडेन्सी निघाल्या. ओहायो स्टेटची मेरी पी. की रेसिडेन्सी १९८९ पासूनची. २०१५ मध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटी, आयोवा, व्हर्जिनिया टेक आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार विद्यापीठांनी एक आघाडी केली. तीच पुढे एसीआरएलची, म्हणजे एएलएच्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या विभागाची, डायव्हर्सिटी अलायन्स झाली. सभासद ग्रंथालयांना तिने घातलेल्या अटींपैकी दोन लक्षात ठेवा: मुदत किमान दोन वर्षं, आणि पगार त्याच ग्रंथालयातल्या नव्या ग्रंथपालाएवढा. यापेक्षा कमी देणारी जाहिरात दिसली तर ती स्वस्तात मनुष्यबळ शोधते आहे असं खुशाल समजा.

नावावर मात्र विसंबू नका. विद्यापीठांतल्या विविधता कार्यक्रमांना चाप लावणारा टेक्ससचा एसबी १७ कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, ओहायोचा तसाच एसबी १ कायदा २०२५ मध्ये, आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून त्याच दिशेचे कार्यकारी आदेश निघाले. काही कार्यक्रम बंद पडले, काहींच्या नावातून 'डायव्हर्सिटी' हा शब्द गेला आणि काम तेच राहिलं. तसंही वंश बघून नोकरी देणं तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बेकायदाच आहे, त्यामुळे 'माझा वर्ण चालेल का' ही काळजी सोडा. एएलएच्या स्पेक्ट्रम शिष्यवृत्तीशीही गल्लत करू नका. तिला अमेरिकेचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य लागतं. रेसिडेन्सी ही नोकरी आहे, तिथे काम करण्याचा परवाना बघतात.

आता कॅलेंडर. समजा पदवी मे २०२७ च्या मध्याला मिळते आणि रेसिडेन्सी १ ऑगस्टला सुरू होते. ओपीटीचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि सुरुवातीची तारीख त्याच ६० दिवसांत धरावी लागते. उशिरात उशिरा म्हणजे जुलैचा मध्य धरली तर ऑगस्टपर्यंत बेकारीचे १५-१६ दिवस खर्च होतात. मुभा एकूण ९० दिवसांची, म्हणजे चिंता नाही. पण ओपीटी १२ महिन्यांचं. जुलै २०२८ मध्ये ते संपेल तेव्हा रेसिडेन्सीचं एक अख्खं वर्ष, तीन वर्षांची असेल तर दोन वर्षं, बाकी असतील.

इथे आय-२० वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयाचा सरकारी क्रमांक, बघायचा. ग्रंथालयशास्त्राचा २५.०१०१ हा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांच्या यादीत) बसत नाही. माहितीशास्त्राचा ११.०४०१ बसतो, आणि त्यावर २४ महिने जास्तीचे मिळतात. मात्र नोकरी देणारा ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेला हवा आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून द्यायला तयार हवा. काही आयस्कूलमध्ये (माहितीशास्त्राच्या विभागांत) एकाच इमारतीत दोन्ही कोडच्या पदव्या असतात आणि मुलांना ते शेवटच्या सत्रात कळतं.

कोड २५ चा असेल तर वाट एच-१बीची, म्हणजे नोकरी देणाऱ्याने तुमच्यासाठी मागायच्या कामाच्या व्हिसाची. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: विद्यापीठं लॉटरीच्या बाहेर आहेत, अर्ज वर्षभरात कधीही करता येतो. अडचण पुढे आहे. पुष्कळ विद्यापीठं मुदतीच्या पदांना एच-१बी देतच नाहीत, फक्त कायम पदांना देतात, आणि रेसिडेन्सी हे मुदतीचंच पद असतं. हे सर्च कमिटीला (निवड समितीला) बहुधा माहीत नसतं. 'आमच्याकडे होतं बहुतेक' असं कोणी प्रेमाने म्हणालं तर ते उत्तर धरू नका. मनुष्यबळ विभाग किंवा आंतरराष्ट्रीय कार्यालय यांनाच विचारा. अर्जावर 'आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का' असा प्रश्न असतो, तिथे सरळ 'हो' लिहा.

सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचा भार आला. ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी खुलाशानुसार, देशात राहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर स्थिती बदलणाऱ्याला तो लागू नाही. पण असा बदल प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर तो सोडून दिला असं धरतात. थोडक्यात, त्या वर्षी गणपतीला घरी यायचा बेत आखण्याआधी वकिलाला विचारा. हे नियम हलते आहेत, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

ओपन स्कॉलरशिपच्या, म्हणजे संशोधन खुलं करण्याच्या विभागातल्या, रेसिडेंटचं काम कागदावर भारदस्त वाटतं, पण रोजचं रूप असं असतं. प्राध्यापक रिपॉझिटरीसाठी पीडीएफ पाठवतात. उघडून बघावं तर वर नियतकालिकाचा लोगो, खाली पृष्ठक्रमांक, म्हणजे प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम प्रत. बहुतेक प्रकाशक ती ठेवू देत नाहीत. चालते ती परीक्षकांनी मान्य केलेली पण मांडणीआधीची, साध्या वर्डमधली प्रत. मग ओपन पॉलिसी फाइंडरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या शेर्पा रोमिओमध्ये, नियतकालिक शोधायचं आणि चार गोष्टी टिपायच्या: कोणती प्रत, कुठे, किती महिन्यांनी, कोणत्या परवान्याखाली. प्राध्यापकांना पत्र लिहायचं. उत्तर येतं, 'ती फाइल सहलेखकाकडे असेल.' फाइल आली की डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक), ओआरसीआयडी (लेखकाचा क्रमांक), अनुदानाचा क्रमांक आणि खुलं करण्याची तारीख भरायची. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे: मुदत लेख प्रकाशित झाल्यापासून मोजायची असताना स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजतो, आणि लेख काही महिने आधीच जगाला दिसू लागतो. दुसरी चूक परवान्याची. प्रकाशकाने सीसी बाय-एनसी-एनडी (व्यापारी वापर आणि बदल नकोत) सांगितलेलं असतं आणि यादीत पहिला दिसतो म्हणून सीसी बाय (श्रेय दिलं की कसाही वापरा) निवडला जातो. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या, पैशांवर झालेल्या संशोधनाला आता मुदतीची सवलत उरलेली नाही. १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेला लेख पबमेड सेंट्रल या तिच्या खुल्या भांडारात द्यायचा आणि तो प्रकाशनाच्या दिवशीच खुला व्हायचा. प्रकाशकाचा करार वेगळं म्हणत असला की प्राध्यापक घाबरून ग्रंथालयात येतात, आणि समोर बहुधा रेसिडेंटच असतो. जोडीला विदा (डेटा) व्यवस्थापनाचे आराखडे. एनआयएचला ते २५ जानेवारी २०२३ पासून अनुदानाच्या अर्जाबरोबरच लागतात, दोन पानांच्या आत असावेत अशी अपेक्षा असते.

तुम्ही पुण्यात शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) प्रबंध चढवले असतील तर ते लपवू नका. आपल्याकडची माणसं 'अपलोडिंगचं काम' म्हणून ते सीव्हीतून गाळतात. शोधगंगा डीस्पेस या रिपॉझिटरीच्या सॉफ्टवेअरवर चालते, प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून द्यावे लागतात, मेटाडेटा भरावा लागतो. तसंच लिहा: डीस्पेस, इतके प्रबंध, इतके महिने, कोणती दुरुस्ती वारंवार करावी लागली. मात्र जाहिरातीत 'व्यावसायिक अनुभव अमुक वर्षांपेक्षा कमी' अशी अट असते. एम.लिब.नंतर भारतात पाच वर्षं ग्रंथपाल असाल तर तुम्ही त्यांच्या लेखी नवखे राहत नाही. शंका असल्यास आधी विचारा. फक्त भारतीय एम.लिब. असलेले वाचक असतील तर: जाहिरातीत 'एएलए-मान्य पदवी किंवा परदेशी समकक्ष' असं असेल तरच पदवीचं मूल्यमापन करून अर्जाचा विचार करा, पण अमेरिकेत काम करण्याचा परवाना हातात नसताना गाडी क्वचितच पुढे सरकते.

जाहिराती साधारण ऑक्टोबर ते मार्च येतात, एएलए जॉबलिस्ट आणि एआरएलच्या (संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेच्या) नोकऱ्यांच्या पानावर. अर्ज ते नेमणूक यात चार ते सहा महिने सहज जातात. कव्हर लेटर दोन पानांत बसवा. सर्च कमिटी जाहिरातीतली प्रत्येक आवश्यक अट एका रकान्यात घालून तुमच्या पत्रात तिचा पुरावा शोधते. पुरावा सापडला नाही की तो रकाना रिकामा, मग भाषा कितीही गोड असो. म्हणून प्रत्येक अटीला किमान एक वाक्य, जाहिरातीतलाच शब्द वापरून. पहिली फेरी झूमवर अर्ध्या तासाची. दुसरी अख्ख्या दिवसाची, तीत वीस-तीस मिनिटांचं सादरीकरण, आणि जेवणसुद्धा मुलाखतीचाच भाग.

विविधतेबद्दलचं निवेदन सगळीकडे मागत नाहीत, काही राज्यांत मागताही येत नाही. मागितलंच तर आपली दुःखं मांडण्यात पान खर्च करू नका. पालकांपैकी कोणी पदवीधर नसेल तर 'फर्स्ट जनरेशन' हा तिथला ओळखीचा शब्द आहे, तो वापरा. जातीबद्दल लिहायचं असेल तर दोन वाक्यांत समजावून लिहा. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात घातली आहे, तरी कमिटीतल्या चौघांपैकी तिघांना तो विषय नवा असेल. आणि उरलेलं पान 'जिल्हा परिषदेच्या शाळेतून आल्यामुळे मला ग्रंथालयाचं काय वेगळं दिसतं आणि त्यावर मी काय करेन' याला द्या.

मराठीचं काय? दक्षिण आशियाई संग्रह असलेल्या ग्रंथालयांत तिला मोल आहे. मराठीच्या रोमन लिप्यंतराचा एएलए-एलसी तक्ता एकदा बघून ठेवा. पण मुलाखतीत त्यावरच जोर दिलात तर रिपॉझिटरी राहील बाजूला आणि देवनागरी पुस्तकांची खोकी तुमच्या टेबलावर येतील.

जाहिरातीत मी सगळ्यात आधी फेऱ्यांची रचना बघेन. एका वर्षात चार विभाग, प्रत्येकी तीन महिने, हे ऐकायला छान. प्रत्यक्षात पहिला महिना पासवर्ड मिळण्यात आणि सॉफ्टवेअर समजण्यात जातो, शेवटचे दोन आठवडे निरोपात, आणि दाखवण्यासारखं काम एकही पुरं होत नाही. चार-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्या आणि मग एका विभागात स्वतःचा प्रकल्प, ही रचना बरी. प्रकल्प कोणी ठरवायचा हेही विचारा. दुसरं, एकच रेसिडेंट आहे की दोघं-तिघं? एकटा असला की विविधतेच्या प्रत्येक समितीवर त्याचंच नाव लागतं, माहितीपत्रकात फोटोही त्याचाच, आणि बाकीचे कर्मचारी त्याला विद्यार्थी-मदतनीस समजून स्कॅनिंग देतात. तिसरं, देखरेख करणारी व्यक्ती मध्येच नोकरी सोडून गेली तर कोण? असं फार वेळा घडतं, आणि दुसरं नाव ठरलेलं नसेल तर रेसिडेंट सहा महिने अधांतरी राहतो. चौथं, आधीचे रेसिडेंट आज कुठे आहेत? त्यांच्यापैकी दोघांशी कमिटीच्या अपरोक्ष बोला.

दोन वर्षांची रेसिडेन्सी असेल तर पुढच्या नोकरीचे अर्ज सोळाव्या महिन्यात सुरू करायचे. मुदत संपल्यावर तिथेच कायम करू असं क्वचितच लेखी देतात. आणि कॅनडातून एमएलआयएस करणाऱ्यांनी वरचा व्हिसाचा भाग सोडून दिला तरी चालेल: तिथे पदव्युत्तर पदवीवर तीन वर्षांपर्यंतचा काम-परवाना मिळू शकतो, त्यात रेसिडेन्सी बसते, फक्त जाहिरातीत नागरिक आणि कायम रहिवाशांना प्राधान्य असतं.

नेमणुकीचा फोन आला की आनंदाच्या भरात लगेच होकार देऊ नका. आठवडाभराची मुदत मागा, ती देतात. त्याच दिवशी ईमेल करा: मुदत किती, पदाचा दर्जा काय, परिषदांना जाण्यासाठी वर्षाला किती रक्कम, ओपीटी अमुक तारखेला संपल्यावर एच-१बीचा अर्ज विद्यापीठ करेल का आणि खर्च कोणाचा. शेवटच्या प्रश्नाला 'तेव्हा बघू' असं उत्तर आलं तर दुसरे अर्ज चालू ठेवा.