पावडर किती, पाणी किती? घरच्या चॉक पेंटविषयी वाचकांचे प्रश्न

चॉक पेंट म्हणजे वाळल्यावर अजिबात न चकाकणारा, हाताला खडूसारखा मऊ लागणारा रंग. तो घरी स्वस्तात कसा करायचा यावर या वेळी इतके प्रश्न आले की सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. खाली चमचा म्हटले आहे तो १५ मिलिलिटरचा मोठा चमचा, काठोकाठ सपाट भरलेला. चमचा नसला तर कुठलेही एक माप धरा, प्रमाण महत्त्वाचे.

प्रश्न : कुणी प्लास्टर ऑफ पॅरिस सांगते, कुणी कॅल्शियम कार्बोनेट, कुणी खाण्याचा सोडा. नेमके काय घालावे आणि किती?

सोडा आधी बाद करू. सोडा पाण्यात विरघळतो. रंग वाळताना पाणी वर येते, त्याच्याबरोबर सोडाही वर येतो आणि पृष्ठभागावर पांढऱ्या खरखरीत कणांच्या रूपात बसतो. दमट हवेत हे कण पुन्हा ओले होतात, पुन्हा वाळतात, आणि डाग पसरत जातात. पहिल्या दिवशी वस्तू छान दिसते, म्हणूनच सोड्याची कृती एवढी फिरते.

उरले दोन. प्लास्टर ऑफ पॅरिसने थर कडक होतो आणि पॉलिश पेपरने सुरेख घासला जातो, पण कालवल्यापासून त्याचे घड्याळ सुरू होते. उरलेला रंग ठेवता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची बारीक भुकटी, पाण्याशी काहीच करत नाही. त्यामुळे घाई नसते आणि रंग घट्ट झाकणाच्या डब्यात टिकतो. पहिल्यांदा करत असाल, किंवा लहान लहान वस्तू सवडीने रंगवायच्या असतील, तर कॅल्शियम कार्बोनेटच घ्या. मोठी वस्तू एका बैठकीत उरकायची असेल तर प्लास्टर.

प्लास्टरचे प्रमाण : रंग ६ चमचे, प्लास्टर २ चमचे, थंड पाणी २ चमचे.
कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण : रंग ६ चमचे, भुकटी २ चमचे, पाणी १ ते दीड चमचा.

पावडर थेट रंगात टाकू नका. प्रत्येक गुठळीभोवती रंगाचे कवच तयार होते आणि आतली पावडर कोरडीच राहते. ब्रश फिरवताना ती फुटते आणि पांढरी रेघ ओढली जाते. वाटीत आधी पाणी घ्या, त्यावर पावडर चाळणीतून भुरभुरवा, मिनिटभर भिजू द्या, मग गुठळी राहणार नाही असे कालवा आणि हे सरसरीत मिश्रण रंगात ओता. शंका असेल तर जुन्या पातळ मोज्यातून गाळून घ्या. कोरडी पावडर हाताळताना तोंडावर मास्क हवाच.

रंग पाण्यात मिसळणाराच हवा : ॲक्रिलिक किंवा भिंतीचे इमल्शन. ऑइल पेंटमध्ये हे पाणी-पावडरीचे मिश्रण फाटते. डिस्टेंपरही नको, त्यात चिकटवणारा अंश मुळातच कमी असतो. आणि एक गोष्ट बहुतेक कृतींत सांगितलेली नसते : मूळ रंग मॅट असेल तर त्यात कंपनीनेच भरपूर भुकटी घातलेली असते. त्याला १ चमचा पावडर पुरते. वरचे प्रमाण किंचित चमक असलेल्या, सॅटिन प्रकारच्या रंगासाठी आहे. कुठे तरी उरलेला अर्धा डबा असेल तर तोच या कामाला उत्तम.

प्रश्न : प्लास्टर घालून रंग केला. अर्ध्या तासात तो दह्यासारखा घट्ट झाला, म्हणून पाणी घालून सैल केला. वाळल्यावर बोट फिरवले तर पावडर हाताला येते. काय चुकले?

पाणी घातले तिथेच. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेला जिप्सम. पाणी मिळताच तो पुन्हा जिप्सम होऊ लागतो आणि सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकून घट्टपणा येतो. ही जाळी एकदा धरू लागली की पाणी घालून ती सैल होत नाही, फक्त तुटते. तुटलेले कण पुन्हा जुळत नाहीत. वर जास्तीच्या पाण्याने रंगातला बाइंडर, म्हणजे चिकटवणारा अंश, पातळ झाला. घट्ट होऊ लागलेला रंग टाकून देणे हाच स्वस्त मार्ग.

लवकर घट्ट होण्याची कारणे ठरलेली असतात. पाणी कोमट होते. किंवा वाटीला आधीच्या वेळचे वाळलेले प्लास्टर चिकटले होते. ते कण नव्या स्फटिकांना बीज पुरवतात आणि सगळे मिश्रण भराभर धरते. किंवा फार वेळ जोरजोरात घोटले. वाटी आणि काडी दर वेळी स्वच्छ घ्या आणि ३० ते ४० मिनिटांत संपेल एवढाच रंग कालवा.

पाणी न घालताही पावडर सुटत असेल तर कारण वेगळे. पावडरीच्या प्रत्येक कणाला बाइंडरचे पातळ आवरण लागते. बाइंडर भरपूर असतो तेव्हा तो कणांमधल्या सगळ्या फटी भरतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत राहतो. पावडर वाढवली की कणांची टोके वर येतात, प्रकाश विखुरतो आणि चमक जाते. चॉक पेंटचे सारे रहस्य एवढेच. पण आणखी वाढवली की बाइंडर कणांना बांधायलाही पुरत नाही. चमक आधी जाते, पकड त्याच्यानंतर, आणि या दोन्हींमधली जागा अरुंद आहे.

म्हणून वस्तूला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, आणि गडद कापडाने घासा. पट्टा चमकत असेल तर अर्धा चमचा पावडर, थोड्या पाण्यात कालवून. कापडाला रंग लागत असेल तर १ चमचा रंग वाढवा. पॉलिश पेपरने घासताना पूड पडणारच, तो दोष नव्हे. नुसत्या कापडाने पडली तर दोष.

रंगवून झालेली वस्तू वाचवायची असेल तर सुटी पूड कोरड्या ब्रशने झाडा, पाण्यावर आधारित मॅट वार्निशमध्ये तितकेच पाणी घालून एक पातळ हात द्या. तो आत मुरून कण बांधेल. वाळल्यावर वरून नीट प्रमाणाचा नवा रंग. भुसभुशीत थरावर थेट दुसरा हात दिलात तर दोन्ही मिळून पोपडे निघतील.

प्रश्न : फळ्यावर लिहायचे खडू कुटून घातले तर?

चालतात, पण मेहनतीच्या मानाने फायदा कमी. बरेच खडू जिप्समचे असतात, म्हणजे एकदा धरून वाळलेले प्लास्टर. ते पुन्हा धरत नाहीत. ओळखायचे असेल तर तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका : बुडबुडे फसफसले तर कॅल्शियम कार्बोनेट, नुसते शोषले गेले तर जिप्सम. दोन्ही भर म्हणून चालतात आणि प्रमाण कॅल्शियम कार्बोनेटचेच. मात्र पूड मलमलीतून चाळलेली हवी, नाही तर रंग वाळूसारखा खरखरतो. रंगीत खडूंचा रंग टिकाऊ असतोच असे नाही, पांढरेच घ्या. आणि खाण्याच्या मिक्सरमध्ये खडू दळू नका.

प्रश्न : लाकडी ट्रेला पांढरा चॉक पेंट दिला. दुसऱ्या दिवशी पिवळट-तपकिरी डाग वर आले. तीन हात दिले तरी येतातच.

दहा दिले तरी येतील. लाकडातले टॅनिन पाण्यात विरघळते. प्रत्येक ओला हात ते नव्याने वर ओढतो. गाठींच्या जागी आणि गडद लाकडात हे हमखास होते, जुन्या पॉलिशखालूनही होते. यावर पाण्याचा प्रायमर बहुधा कमी पडतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, दोन पातळ हात द्या, प्रत्येक वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा आणि मग रंग. आता रंगवलेल्या थरावरही शेलॅक देता येते, सगळे खरवडायची गरज नाही. गडद रंग देणार असाल तर डाग दिसत नाहीत, मग ही उठाठेव सोडून द्या.

प्रश्न : काचेच्या बाटलीवरचा रंग नखाने सालीसारखा सुटतो. चॉक पेंटला घासाघासी, प्रायमर काही लागत नाही असे ऐकले होते.

हे कच्च्या लाकडाबाबत, पुठ्ठ्याबाबत आणि मातीच्या भांड्यांबाबत खरे आहे, कारण तिथे रंगाला शिरायला जागा असते. काच, गुळगुळीत प्लास्टिक आणि धातूवर रंग नुसता बसून राहतो. बाटली साबणाने धुवा, वाळवा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि त्यानंतर बाहेरून बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा पुरेसा असतो. मग काचेला चालणाऱ्या प्रायमरचा एक हात. पहिला रंगाचा हात स्पंजने टिपत टिपत, पातळ द्या. ब्रशने ओढला तर काचेवर घसरतो. पुढचा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच, कारण ओलसर थर ब्रशबरोबर उचलला जातो. एवढे करूनही अशी बाटली शोभेचीच; धुवायची नाही.

मातीच्या कुंडीबाबत उलट अडचण असते. झाडाला घातलेले पाणी भिंतीतून झिरपून क्षार घेऊन बाहेर येते आणि रंगाला फोड येतात. आतून वॉटरप्रूफ लेप द्या, किंवा रंगवलेल्या कुंडीत झाड प्लास्टिकच्या आतल्या कुंडीसकट ठेवा.

प्रश्न : गडद निळा हवा होता, वाळल्यावर फिकट राखाडी-निळा झाला.

पांढरी पावडर घातलेल्या रंगाचा हा स्वभावच आहे. ओला असताना कणांमधल्या फटींत पाणी असते, म्हणून रंग गडद दिसतो. पाणी उडून तिथे हवा आली की पांढुरका दिसू लागतो. वरून मेण किंवा वार्निश दिले की फटी पुन्हा भरतात आणि बराचसा गडदपणा परत येतो. तेव्हा नमुना पाहायचा तो मेण लावलेल्या पट्ट्यावर. मूळ रंग हव्या त्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद घ्या. काळाभोर, गर्द लाल किंवा गर्द हिरवा हवा असेल तर पावडर दीड चमच्यावर आणा आणि किंचित चमक सहन करा.

प्रश्न : या रंगावर खडूने लिहिता येते का?

नाही, तो ब्लॅकबोर्ड पेंट. नावामुळे घोटाळा होतो. चॉक पेंट हे नाव ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणलेल्या फर्निचरच्या रंगामुळे रूढ झाले, आणि तो लिहिण्यासाठी नव्हे, खडूसारख्या पोतासाठी आहे. लिहिण्याजोगी पाटी हवी असेल तर १ कप ॲक्रिलिक रंगात टाइल्समधल्या फटी भरायचे वाळूविरहित ग्राउट २ चमचे घाला, दोन-तीन पातळ हात द्या, तीन दिवस वाळू द्या. मग खडू आडवा धरून सगळा पृष्ठभाग माखा आणि पुसा. ही पायरी गाळली तर पहिले लिहिलेले अक्षर कायमचे उमटून राहते.

प्रश्न : वरून मेण लावावे की वार्निश? मेण लावल्यावर वार्निश दिले तर ते थेंबाथेंबाने गोळा झाले.

दोन्हींपैकी एकच. मेणावर पाण्याचे वार्निश धरत नाही. मेण पुसून काढायचे असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने दोन-तीनदा, दर वेळी नवे कापड घेऊन आणि खिडक्या उघड्या ठेवून.

फोटोफ्रेम, डबे, शोभेच्या वस्तू यांना मेण जास्त चांगले दिसते. वजनाने १ भाग मधमाशांचे मेण आणि ३ भाग लिक्विड पॅराफिन एका भांड्यात घ्या, ते भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवा. थेट आचेवर कधीही नाही. थंड झाल्यावर मलमासारखे होते. सुती कापडाने अगदी थोडे चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचे पुसून घ्या. हाताला चिकट लागले तर मेण जास्त झाले आहे. खायचे तेल वापरू नका, ते कालांतराने खवट होते.

ट्रे, स्टूल, रोज हात लागणारे काहीही असेल तिथे मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात. तेलावर आधारित वार्निश फिकट रंगांवर पिवळे पडते. रंग पूर्ण वाळल्याखेरीज, निदान एक दिवस गेल्याखेरीज, यातले काहीच लावू नका. अन्न लागणाऱ्या पृष्ठभागांना आणि बाळ तोंडात घालेल अशा खेळण्यांना हा रंग नको, वरून काहीही लावले तरी.

प्रश्न : कडा झिजलेल्या, खालचा रंग डोकावणारा असा जुना देखावा कसा आणावा?

खालचा रंग वाळला की जिथे वस्तू वापराने खरोखर झिजली असती तिथे, म्हणजे कोपरे, कडा, कडीभोवतीची जागा, मेणबत्ती घासा. वर दुसरा रंग द्या. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तिथेच घासले की मेणावरचा रंग अलगद सुटतो. मधल्या सपाट भागावर ठिपके पाडू नका, ते लगेच खोटे दिसते. काम झाले की उघडे पडलेले मेण पुसून घ्या, आणि या वस्तूला शेवटचा हातही मेणाचाच द्या.

प्रश्न : उरलेल्या रंगाचे काय करावे?

कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत, वरून फारशी हवा राहणार नाही अशी भरून ठेवा. तळाला साका बसेल. तो ढवळून घ्या, पाणी घालायची घाई नको. कुबट वास आला तर फेकून द्या. प्लास्टरचा असेल तर मूळ डब्यात परत ओतू नका आणि मोरीतही नाही. ते नळीत जाऊन धरते. वाटीतच घट्ट होऊ द्या, मग पिळून सोडवा आणि कचऱ्यात टाका. म्हणूनच वाटी लवचीक प्लास्टिकची असावी. ब्रश मात्र लगेच, भरलेल्या बादलीत धुवायचा, आणि ते पाणी निवळल्यावर तळातला गाळ वेगळा काढायचा.