इंटरॅक्शनची एकच व्याख्या देऊ नका, आधी मोजपट्टी सांगा

तुम्ही विचारलंय की भौतिकशास्त्र, समाजशास्त्र, औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र या सगळ्यांत ‘इंटरॅक्शन’चा अर्थ एकच असतो का, आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सगळ्यांना लागू पडेल अशी एक व्याख्या दिली तर चालेल का. नाही चालणार. मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरी देऊ नका. एका चुकीच्या व्याख्येपायी माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कापलं गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भौतिकशास्त्राचं सोपं आहे. गुरुत्व, विद्युतचुंबकीय, प्रबळ आणि दुर्बल अशा चार मूलभूत इंटरॅक्शन तुम्हाला माहीत असतीलच. मला त्यातला कामाचा भाग वाटतो तो हिशोबाचा. दोन कणांच्या प्रणालीची ऊर्जा लिहिताना पहिल्याची ऊर्जा येते, दुसऱ्याची येते आणि शिवाय एक पद येतं, जे या दोघांत वाटून टाकता येत नाही. ते वाटता न येणारं पद म्हणजे इंटरॅक्शन. आदर्श वायूत ते शून्य धरतात. खऱ्या वायूत ते शून्य नसतं, म्हणून तर व्हॅन डर वाल्सला १८७३ साली नवं समीकरण मांडावं लागलं.

समाजशास्त्रात गाभा वेगळाच आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमरने १९३७ साली ‘सिम्बॉलिक इंटरॅक्शनिझम’ हे नाव दिलं. त्या परंपरेत समोरचा माझ्या वागण्याचा काय अर्थ लावेल हे धरून मी वागते, आणि तोही माझ्याबद्दल तेच धरून वागतो. अर्थ लावणं काढून टाकलं तर उरतं ते नुसतं एकमेकांवर आदळणं. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन तर म्हणायचा की माणसं समोरासमोर येतात तेव्हा जे घडतं ते स्वतंत्र अभ्यासाचं क्षेत्र आहे. अमेरिकन समाजशास्त्रीय संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने यावर भाषण लिहिलं होतं. आजारपणामुळे ते त्याला करता आलं नाही, आणि १९८३ साली ते छापून आलं तेव्हा तो हयात नव्हता.

औषधांत अर्थ लावणारं कुणीच नाही, आणि परिणाम दोन्ही बाजूंनी व्हायला हवा असंही नाही. वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध वॉरफॅरिन मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे रक्तात वॉरफॅरिन साचतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘परस्परांवर परिणाम’ ही व्याख्या तुम्ही सरसकट लावलीत तर हे रोजच्या दवाखान्यातलं उदाहरणसुद्धा तिच्यात धड बसत नाही.

आता संख्याशास्त्र, म्हणजे माझा विषय. इथे कोणी कोणाला भेटत नाही, बोलत नाही, अडवत नाही. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलत असेल तर इंटरॅक्शन आहे, नाहीतर नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२६ साली शेतातल्या प्रयोगांवर लिहिताना हेच ठासून मांडलं होतं की एका वेळी एकच प्रश्न विचाराल तर निसर्ग बऱ्याचदा उत्तर देत नाही, म्हणून खतं आणि वाण एकाच प्रयोगात एकत्र तपासा. इथवर कोणाचा वाद नसतो. वाद सुरू होतो तो परिणाम कशात मोजायचा यावर. फरकात (किती जादा) की गुणोत्तरात (किती पट)? फरकाची ती बेरजेची पट्टी, गुणोत्तराची ती गुणाकाराची.

माझा प्रबंध धुळीत काम करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांवर होता. त्यांतले बरेच जण धूम्रपान करणारे. माझ्या आकडेवारीत दिसत होतं की धूम्रपान करणाऱ्या कामगारांमध्ये धुळीमुळे होणारे जादा आजार न करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मी ते निष्कर्षात लिहिलं. सादरीकरणाच्या वेळी मार्गदर्शक सरांनी लॉजिस्टिक रिग्रेशनचा (घटकांवरून आजाराची शक्यता काढणाऱ्या मॉडेलचा) तक्ता उघडला, दोन्ही घटकांच्या गुणाकाराच्या पदापुढच्या पी-व्हॅल्यूवर (इंटरॅक्शन नसतानाही असा आकडा योगायोगाने येण्याच्या शक्यतेवर) बोट ठेवलं आणि म्हणाले, “इंटरॅक्शन सिग्निफिकंट नाहीये. दोन्ही कारणं स्वतंत्रपणे काम करतात. हे वाक्य काढून टाका.” मी म्हटलं, “सर, हे मॉडेल गुणाकाराच्या पट्टीवर आहे. बेरजेच्या पट्टीवर इंटरॅक्शन आहे आणि ते मोठं आहे.” ते म्हणाले, “अशा दोन-दोन पट्ट्या नसतात. विज्ञानात एक तर इंटरॅक्शन असतं किंवा नसतं.”

मग मी फळ्यावर हॅमंड, सेलिकॉफ आणि साइडमन यांच्या १९७९ च्या अभ्यासाचे आकडे लिहिले. ते चार आकडे मला आजही पाठ आहेत. अमेरिका आणि कॅनडातले ॲस्बेस्टॉसचं इन्शुलेशन बसवणारे १७,८०० कामगार आणि तुलनेला इतर पुरुष. फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, दर लाख व्यक्ति-वर्षांमागे (एक माणूस एक वर्ष पाहिला की एक व्यक्ति-वर्ष): ना ॲस्बेस्टॉस ना धूम्रपान, ११.३. फक्त ॲस्बेस्टॉस, ५८.४. फक्त धूम्रपान, १२२.६. दोन्ही, ६०१.६.

गुणाकार करून बघा. ॲस्बेस्टॉसने धोका सुमारे ५.२ पट, धूम्रपानाने १०.८ पट, दोन्हींचा गुणाकार ५६ च्या आसपास. प्रत्यक्षात ५३ पट. म्हणजे गुणाकाराच्या पट्टीवर इंटरॅक्शन जवळपास नाहीच. आता वजाबाकी करून बघा. धूम्रपान न करणाऱ्यांत ॲस्बेस्टॉसमुळे जादा मृत्यू ४७, करणाऱ्यांत ४७९. तेच ॲस्बेस्टॉस, पण मृत्यू दहापट. दोन्हींचे जादा मृत्यू नुसते बेरजेने वाढले असते तर दोन्ही असलेल्यांचा दर १७० च्या आसपास आला असता. आला ६०२. मधल्या चारशेहून अधिक मृत्यूंना “स्वतंत्रपणे काम करतात” म्हणायचं?

सरांनी आकडे तपासले, बरोबर आहेत म्हणाले, आणि वाक्य तरीही काढायला लावलं. प्रबंधाचा अहवाल ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्यातून काढायचा तोच अर्थ काढला: धुळीचा आणि धूम्रपानाचा संबंध नाही, तेव्हा कामगारांना धूम्रपान सोडायला सांगा, धुळीचं नंतर पाहू. खरं तर उलट आहे. धूम्रपान करणारा कामगार सोडायला तयार नसेल तर धूळ कमी करण्याने सगळ्यात जास्त जीव त्याच्याच गटात वाचतात. सार्वजनिक आरोग्यात माणसं मोजायची असतात, आणि माणसांची बेरीज होते, गुणाकार नाही. रोथमन, ग्रीनलंड आणि वॉकर या साथरोगशास्त्रज्ञांनी १९८० सालीच इंटरॅक्शनच्या या वेगवेगळ्या कल्पना सुट्या करून दाखवल्या होत्या. त्यामुळे ही बाब नवीन आहे, वादग्रस्त आहे वगैरे सबब मी ऐकून घेत नाही.

औषधशास्त्रातही हीच गाठ आहे. एक औषध एकट्याने ५० टक्के जंतू मारतं, दुसरंही ५० टक्के. एकत्र दिल्यावर ७५ टक्के मेले. ब्लिसच्या १९३९ च्या हिशोबाने इंटरॅक्शन शून्य, कारण पहिल्याने सोडलेल्या निम्म्यांतले निम्मे दुसऱ्याने मारले. लोवेचा १९२६ चा हिशोब मात्रेवरून चालतो. त्यात एखादं औषध स्वतःमध्येच मिसळलं तर इंटरॅक्शन शून्यच यायला हवं, आणि ब्लिसच्या सूत्रात ते दर वेळी येत नाही. म्हणजे एकाच प्रयोगाला एक जण ‘सिनर्जी’ (अपेक्षेपेक्षा जास्त एकत्रित परिणाम) म्हणेल आणि दुसरा ‘काही नाही’, आणि दोघांची गणितं बरोबर असतील. ‘इंटरॅक्शन नाही’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: इंटरॅक्शन नसतं तर काय दिसलं असतं, असं तुम्ही धरलंय?

तुमच्या प्रबंधात दोन प्रकार वेगळे ठेवा. प्रत्यक्ष घडणारी क्रिया (कणांमधलं बल, माणसांमधला व्यवहार, एन्झाइमचं अडवणं) आणि परिणामांच्या हिशोबात उरणारं, वाटता न येणारं पद. भौतिकशास्त्रात दोन्ही एकत्र भेटतात, म्हणून तिथल्या लोकांना हा घोळ जाणवत नाही. समाजशास्त्रात बहुतेक पहिलाच प्रकार असतो. संख्याशास्त्रात दुसराच, आणि त्यावरून यंत्रणेबद्दल थेट काहीही सिद्ध होत नाही. माझ्या वाक्यावरूनही होत नव्हतं, हे इथे सांगितलं पाहिजे. मी जादा आजार मोजत होते, ते पेशीत कसे घडतात ते सांगत नव्हते.

आणखी एक. ॲस्बेस्टॉसच्या नंतरच्या काही अभ्यासांत गुणाकार इतका चोख बसलेला नाही. बेरजेपेक्षा जास्त, हे मात्र बहुतेक ठिकाणी टिकलंय. तुमची आकडेवारी केस-कंट्रोल पद्धतीची (आजारी आणि निरोगी माणसं निवडून त्यांची तुलना करण्याची) असेल तर थेट दर मिळणार नाहीत. तेव्हा आरईआरआय (इंटरॅक्शनमुळे होणारा सापेक्ष जादा धोका) काढा: दोन्हींचा सापेक्ष धोका, वजा पहिल्याचा, वजा दुसऱ्याचा, अधिक एक. वरच्या आकड्यांवर तो सुमारे ३८ येतो, आणि शून्याहून जास्त असेल तर बेरजेच्या पट्टीवर इंटरॅक्शन आहे. आजार दुर्मीळ असेल तर सापेक्ष धोक्याच्या जागी ऑड्स रेशो (आजार होण्या-न होण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर) वापरलेला चालतो, नसेल तर जपून. मार्गदर्शक पी-व्हॅल्यू दाखवून वाक्य कापायला सांगतील तेव्हा चारही गटांचे दर एका तक्त्यात मांडा आणि तो तक्ता परिशिष्टात न टाकता निष्कर्षाच्या प्रकरणातच ठेवा.