जाग, शुद्ध आणि भान

प्रश्न असा आहे: हृदय बंद पडून उपचारांनी पुन्हा सुरू झालं, काही दिवसांनी रुग्णाने डोळे उघडले, पण तो कोणाला ओळखत नाही. अशा वेळी ‘शुद्धीवर आला’ म्हणावं का? आणि ‘शुद्धीवर येणं’ व ‘भानावर येणं’ यांत फरक काय?

माझं मत स्पष्ट आहे, ‘शुद्धीवर आला’ म्हणू नये. चक्कर येऊन पडलेला माणूस डोळे उघडतो आणि लगेच विचारतो, “मला काय झालं?” डोळे उघडणं आणि समजू लागणं एकदमच घडतं, म्हणून दोन्हींना मिळून ‘शुद्ध’ हा एकच शब्द पुरतो. तो कानावर पडला की घरचे लोक पुढचं धरूनच चालतात: आता बोलेल, ओळखेल.

मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं थांबला की मात्र या दोन गोष्टींची फारकत होऊ शकते. झोप-जागेपणाचं चक्र चालवणारा मेंदूच्या तळाचा भाग, ब्रेनस्टेम, प्राणवायूचा तुटवडा त्यातल्या त्यात सोसतो; ओळख, अर्थ, हेतू यांसाठी लागणारा मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, लवकर दगावतो. मग डोळे उघडतात, मिटतात, श्वास आपला आपण चालतो, पण समोर कोण आहे ते उमगत नाही. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या मेंदूच्या डॉक्टरांनी 1972 मध्ये या अवस्थेला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हटलं. ते नाव रुग्णाला हिणवणारं वाटतं म्हणून 2010 मध्ये ‘अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस’ असं दुसरं सुचवलं गेलं. त्याचं मराठी मी ‘प्रतिसादहीन जागेपण’ असं करीन. याला सरसकट ‘कोमा’ म्हणतात ते चूक आहे. कोमात डोळे उघडतच नाहीत.

इथे ‘भान’ हा शब्द फार कामाचा आहे. ‘भानावर ये’ हे आपण टक्क जाग्या माणसाला म्हणतो. वेळेचं भान, परिस्थितीचं भान, गाण्यात भान हरपणं, या सगळ्यांत माणूस जागाच असतो, प्रश्न असतो तो जाणिवेचा. म्हणून वरच्या रुग्णाबद्दल ‘जाग आली आहे, भान आलेलं नाही’ हे अचूक मराठी आहे. औषधाने झोपवलेला असेल तर तो ‘गुंगीत’ आहे. त्याला बेशुद्धही म्हणू नये, कारण गुंगी उतरेपर्यंत खरी स्थिती कळतच नाही.

डॉक्टर भान कसं तपासतात? “माझा हात दाबा,” “जीभ दाखवा.” सांगितलेलं केलं तर भान आहे. नुसता हात आखडला तर ती केवळ प्रतिक्षिप्त हालचाल असू शकते.

‘येईल’, ‘येणार नाही’ ही क्रियापदंही जपून वापरावीत. युरोपातल्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदय पुन्हा सुरू झाल्यापासून निदान 72 तासांनी, गुंगीचा अंमल उतरल्यावर, रुग्ण तरीही बेशुद्ध असेल तर अंदाज बांधायचा, आणि तोही एकाच खुणेवरून नाही. उजेड टाकूनही डोळ्यांच्या बाहुल्या आकसत नाहीत आणि बुबुळाला कापसाची वात लावूनही पापणी मिटत नाही (ही दोन्ही मिळून एकच खूण), मनगटातल्या मज्जातंतूला दिलेला विजेचा हलका धक्का दोन्ही बाजूंना कॉर्टेक्सपर्यंत पोचत नाही, ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा, आलेख फार बिघडलेला आहे, स्कॅनमध्ये मेंदूला सर्वदूर इजा दिसते: अशांपैकी किमान दोन खुणा जुळल्या तर सुधारणा होण्याची शक्यता फार कमी मानतात. खुणा एकमेकींशी जुळत नसतील तर थांबतात, पुन्हा तपासतात. घाईने ‘येणार नाही’ म्हटलं आणि त्यावरून उपचार थांबवले, तर ते वाक्य स्वतःच खरं ठरतं; बरा झाला असता का, हे कधीच कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर “आत्ताच सांगता येत नाही” म्हणतात, तेव्हा ती टाळाटाळ समजू नये.

घरच्यांना कळवताना मी एवढंच लिहीन: ‘डोळे उघडतो, पण सांगितलेलं अजून करत नाही.’