गाणं आपल्या गावात कधी पोचलं, ते आधी शोध

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिनेमाची संहिता दोनदा वाचली. आपल्या खान्देशातल्या चोपड्यातल्या पाच पोरी, अकरावीचं वर्ष, १९९६ चं गॅदरिंग. पोरी अगदी आपल्या गल्लीतल्या वाटतात, त्यांच्या बोलण्यात कुठे काही बदलू नकोस. मला बोलायचंय ते शेवटच्या पानावरच्या गाण्यांच्या यादीबद्दल. तिच्यातलं एकूण एक गाणं १९९६ चं आहे, आणि त्यामुळेच ती यादी मला खरी वाटत नाही.

गाणं बाजारात येतं एका वर्षी आणि आपल्या तालुक्याच्या गावात नाचलं जातं भलत्याच वर्षी. गॅदरिंगला स्पीकर लावायचं काम मी बरीच वर्षं केलं. मुलं हातात कॅसेट द्यायची तेव्हा एकाच कार्यक्रमात तीन-तीन काळ ऐकू यायचे. मिथुनचा 'डिस्को डान्सर' १९८२ चा, पण त्यावर नाचणारा एक तरी मुलगा नव्वदीतही असायचाच. त्याच्या मागोमाग प्रभुदेवा. १९९४ च्या तमिळ 'कादलन'ची गाणी हिंदी होऊन आली आणि पोरांचे गुडघे वेगळेच चालू लागले. अलिशा चिनॉयचं १९९५ चं पॉप मात्र आधी केबल असलेल्या घरांत शिरलं. ज्या पोरीच्या घरी फक्त दूरदर्शन होतं, तिला ते मैत्रिणीकडे जाऊनच बघावं लागायचं. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीला नाचला. तुझ्या पोरींना ती बातमी वर्तमानपत्रातून कळेल, पण त्याची चाल त्यांच्या अंगात आलेली असेल ती हिंदी सिनेमातून, दोन-तीन हात फिरून. ती तशीच थोडी वाकडी, थोडी आपली झालेली दिसली पाहिजे.

म्हणून प्रत्येक गाण्यापुढे साल लिहिण्याऐवजी लिही: हे कोणाच्या घरी वाजलं? टीव्हीवर, बँडवर, की भरून आणलेल्या कॅसेटवर? कोणी विकत घेतलं, कोणी चोरून ऐकलं? नाचाच्या सिनेमात जुन्या गाण्याचं काम इथून सुरू होतं. प्रेक्षकाला 'अरे, हे आमच्या वेळचं' असं वाटायला लावणं सोपं आहे. त्या गाण्यावर पोरगी कशी नाचायला शिकली, ते दाखवणं अवघड आहे, आणि सिनेमा तोच आहे. चित्रहारमध्ये गाणं एकदा दिसायचं आणि जायचं. व्हीसीआर नसेल तर मागे नेऊन बघायची सोय नाही. मग एकीने फक्त पाय बघायचे, दुसरीने हात, तिसरीने कंबर, आणि दुसऱ्या दिवशी शाळेमागे तिघींनी मिळून नाच जुळवायचा. तुझ्या संहितेत पोरींना स्टेप्स आयत्या येतात. हा प्रसंग घाल, पाचही जणी एका झटक्यात वेगवेगळ्या कळतील. आणि कॅसेटची टेप पेन्सिलीने गुंडाळायचा शॉट काढून टाक. नव्वदीचं काहीही दाखवायचं झालं की हल्ली तोच येतो, आणि तुझ्या गोष्टीत त्याला काम नाही.

तू 'डर्टी डान्सिंग' पाहिलायस, तर आता तो फक्त कानाने पुन्हा बघ. सिनेमा १९८७ चा, गोष्ट १९६३ च्या उन्हाळ्याची. लेखिका एलिनॉर बर्गस्टीन स्वतः डॉक्टरची मुलगी. लहानपणी कॅट्सकिल डोंगरातल्या तसल्याच हॉटेलांत सुट्टीला जायची, त्यामुळे तिला कुठे काय वाजायचं ते ठाऊक होतं. पाहुण्यांच्या सभागृहात बँडवर मांबो आणि फॉक्सट्रॉट हे जोडीचे नाच. वर नोकरांच्या खोल्यांकडे गेलीस की रेकॉर्डवर सोल, काळ्या गायकांचे आवाज, आणि अंगाला अंग लावून नाच. नायिका हातात कलिंगड घेऊन त्या दारात उभी राहते तेव्हा तिला कोणी काही समजावून सांगत नाही. गाणं बदललं, एवढ्यावरून तिला आणि आपल्याला कळतं की ही दुसरी दुनिया आहे.

तुझ्याकडेही असे दोन मजले आहेत, तू त्यांतला एकच वापरलायस. शाळेच्या स्टेजवर पोरगी हिंदी गाण्यावर नाचली तर बक्षीस. तीच पोरगी भावाच्या वरातीत बँडपुढे नाचली तर घरी गेल्यावर बोलणी. आणि श्रावणात घरी खान्देशातली देवी कानबाई बसली, नैवेद्याचे रोट झाले, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघाली की त्याच बँडपुढे आई, काकू, आजी सगळ्या नाचतात, फुगड्या घालतात, कोणी काही म्हणत नाही. बँड तोच, बऱ्याचदा चालही त्याच सिनेमाच्या गाण्याची. मग नाचायची परवानगी कोण देतं? हा प्रश्न कुणाच्या तोंडी घालू नकोस. एकच चाल वरातीत आणि कानबाईपुढे, दोन्हीकडे वाजव, पुरे.

आता आवाजाचं. जुनं गाणं आजच्या स्वच्छ फाइलवरून सरळ दृश्यावर चिकटवू नकोस. 'अमेरिकन ग्राफिटी' हा १९७३ चा सिनेमा १९६२ मधल्या एका रात्रीचा आहे आणि गाण्यांनी भरलेला आहे. दिग्दर्शक जॉर्ज लुकास आणि आवाजाचं काम बघणारा वॉल्टर मर्च यांनी ती गाणी खऱ्या मोकळ्या जागेत स्पीकरवर वाजवली आणि लांबून पुन्हा मुद्रित केली. त्यामुळे गाणं रस्त्यावरून, गाडीतून, भिंतीला आपटून आल्यासारखं वाटतं. तुला हे फुकट जमेल. जुना भोंगा मिळव, शाळेच्या पटांगणात लाव, कॅसेट वाजव, आणि माइक एकदा स्टेजपाशी, एकदा फाटकाबाहेर ठेव. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पोरीला गाण्यातले शब्द नीट ऐकू येत नाहीत, ठेका तेवढा येतो. तुझ्या संहितेतल्या धाकटीचा सगळा प्रसंग त्यावर उभा राहील.

पैशांचंही सांगतो. गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि सिनेमात वापरायला दोन्हींची परवानगी लागते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९९५ चं गाणं २०५५ अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचं. तुझ्या यादीत अकरा गाणी आहेत, एवढं बजेट तुझ्याकडे नाही. एक घे, ज्याच्याशिवाय गोष्टच होत नाही ते. कानबाईची पारंपरिक गाणी गावातल्या बायकांकडून गाऊन घे आणि स्वतः मुद्रित कर. बाजारातली कॅसेट उचलू नकोस, शब्द जुने असले तरी तिचं मुद्रण कोणाचं तरी असतं.

आणि शेवटचा नाच. तिथे तू त्या वर्षाचं सुपरहिट गाणं टाकलंयस. 'डर्टी डान्सिंग'चा शेवटचा नाच १९६३ च्या गाण्यावर नाहीच. ते गाणं त्या सिनेमासाठीच नव्याने केलेलं, त्याला ऑस्करही मिळालं. काहींना ती चूक वाटते, मला वाटत नाही. नायिका पहिल्यापासून मागे वळून सांगते आहे, केनेडींच्या खुनाच्या आणि बीटल्स यायच्या आधीचा तो उन्हाळा. मग शेवटी सांगणारीचा काळ त्या सभागृहात शिरला तर ते तिच्या आठवणीला धरूनच आहे.

तुझ्या पोरी घरी अहिराणी बोलतात. तेव्हा गॅदरिंगच्या स्टेजवर मी अहिराणी गाणं वाजवल्याचं मला आठवत नाही. ती भाषा स्टेजच्या मागे, कपडे बदलायच्या खोलीत राहायची. आज अहिराणी गाण्यावाचून खान्देशातली हळद होत नाही. तुझी निवेदिका आज चाळिशी ओलांडलेली बाई आहे. तिच्या आठवणीत त्या पाच जणी अहिराणीवर नाचू देत. नवं गाणं कर, आजचं, पण वाद्यं लग्नाच्या बँडची ठेव.

त्यासाठी चांगला बँडवाला तुळशीच्या लग्नाआधी गाठ, नंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. पूर्ण गाणं झालं नसलं तरी कच्चं मुद्रण हातात असल्याशिवाय शूटिंग ठेवू नकोस. 'डर्टी डान्सिंग'चा शेवटही गाण्याच्या कच्च्या टेपवरच चित्रित झाला होता. लय तीच राहिली पाहिजे, नाहीतर पायांचं खोटं पडद्यावर लगेच दिसतं. चोपड्याच्या बाजूचे दोघे मला माहीत आहेत, येशील तेव्हा त्यांच्याकडे घेऊन जातो. आणि सुधारलेली यादी पाठव, सालांशिवायची.

तुझा,
काका