रिपोर्टवर सगळीकडे 'आर'च कसा?

रुग्णालयात जडणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल आलेल्या चार पत्रांना आज उत्तरं देते.

सासरे आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. रिपोर्टवर औषधांपुढे रांगेने 'आर', फक्त कोलिस्टिन या औषधापुढे 'आय'. आशा सोडायची का? (उदगीर)

नाही, ताई. 'आर' म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, 'एस' म्हणजे देतो, 'आय' म्हणजे मधलं. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. बशीत जंतूंचा पातळ थर पसरायचा, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. औषध चालणारं असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं. तुमच्या सासऱ्यांच्या बशीत मेरोपेनेम या औषधाच्या चकतीला अगदी खेटून जंतू उगवले असणार.

कोलिस्टिनच्या 'आय'ने घाबरू नका. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा ज्या अमेरिकी निकषांवर चालतात, त्यांत २०२० पासून कोलिस्टिनला 'एस' हा शेराच नाही. 'आय' हाच त्यातल्या त्यात चांगला. औषध मूत्रपिंडाला जड आहे, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वरचेवर तपासतात.

डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: नमुना कशाचा होता? श्वासनळीतून ओढलेल्या बेडक्यात जंतू निघाला म्हणजे न्यूमोनिया झालाच असं नाही. तो तिथे नुसता वस्तीलाही असतो. ताप, एक्स-रे, ऑक्सिजन यांच्याशी मेळ बसला तर तो आजार. रक्तात निघाला तर गोष्ट गंभीर. आणि नमुना पहिल्या डोसच्या आधी घेतला होता का? डोसनंतर खरा जंतू दबून जातो आणि उगवतच नाही. वर्षानुवर्षं हे सांगते आहे, तरी फॉर्मवर 'मेरोपेनेम सुरू, दिवस तिसरा' असं वाचायला मिळतं आणि जीव तुटतो.

औषधांना न जुमानणारा जंतू जास्त घातकही असतो का? (परळी)

असेलच असं नाही. औषध पचवणं ही एक जनुकं, शरीराला इजा करणं ही वेगळी. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा रुग्णालयातला जंतू बहुतेक औषधं पचवतो, कोरड्या पृष्ठभागावर आठवडे तग धरतो, पण धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडवत नाही. उलट क्लेबसिएलाचा एक प्रकार साध्या औषधांनी मरतो, पण निरोगी माणसाच्या यकृतातही गळू करतो. त्याच्याभोवती जाड, चिकट आवरण असतं. बशीवरची वसाहत तारेने उचलली की गुळाच्या पाकासारखी तार सुटते. पाच मिलिमीटरहून लांब गेली की आम्ही सावध होतो. आपलं शरीर रक्तातलं लोह प्रथिनांना बांधून ठेवतं, हा जंतू एरोबॅक्टिन नावाचा रेणू सोडून ते लोह हिसकावतो.

माझी काळजी आहे ती ही दोन्ही जनुकं एकाच जंतूत येण्याची. त्यातली बरीचशी प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतात, आणि ही वर्तुळं एक जंतू दुसऱ्याला देतो, परक्या जातीच्या जंतूलासुद्धा. चीनमध्ये हांगझोऊच्या एका रुग्णालयात २०१६ साली व्हेंटिलेटरवरचे पाच रुग्ण अशाच दुहेरी क्लेबसिएलाने दगावले.

वडिलांना लघवीच्या नळीसकट घरी सोडलंय. घरात तान्हं बाळ आहे, आणि उन्हाळ्यात टँकर आठवड्याने येतो. (जिंतूर)

बाळाला आजोबांपासून तोडू नका. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. ती रिकामी करण्याआधी आणि नंतर हात धुवा. पाणी कमी असेल तेव्हा साबण लावून दुसऱ्याने तांब्याने बारीक धार सोडावी. बादलीत हात बुडवून धुऊ नका, त्याने सगळं पाणी बाटतं. हात मळलेले नसतील तर सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळला तरी चालतं. आणि नळी अजून लागते का, हे प्रत्येक तपासणीला विचारा. बिनगरजेची नळी म्हणजे जंतूला आयती वाट.

ताप आला की मेडिकलवरून सेफिक्झीम ही अँटिबायोटिक गोळी आणतो, दोन गोळ्यांत बरं वाटतं. चुकतंय का? (वसमत)

चुकतंय, दादा. विषाणूचा ताप त्या दोन दिवसांत तसाही उतरणारच होता. गोळीने मात्र आतड्यातले साधे जंतू मारले आणि औषध पचवणाऱ्यांना मोकळं रान दिलं. उद्या ऑपरेशन झालं तर तेच जखमेत उतरू शकतात. सेफिक्झीम २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी औषधयादीत आहे: चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दुकानदाराला डॉक्टरचं व रुग्णाचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. पुढच्या खेपेला चिठ्ठी घेऊनच जा.