वडिलांची डॅटसन २४०झेड: संस्थेला गाडी द्यावी की गाडीचे पैसे?

आपण लिहिले आहे की, आपल्या दिवंगत वडिलांनी नैरोबीहून परतताना बडोद्यास आणलेली १९७२ ची डॅटसन २४०झेड अलीकडे गॅरेजमध्येच उभी असते, ती एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यावी अशी आईंची इच्छा आहे, आणि अमेरिकेतील थोरल्या बंधूंच्या मते गाडी दिली की तिच्या किमतीइतकी सूट आयकरात मिळते. बंधू सांगतात तो नियम तिकडचा आहे आणि तिकडेही ५०० डॉलरच्या वर सूट मागितल्यास संस्थेने गाडी विकून जी रक्कम मिळवली, सामान्यतः तेवढ्यापुरतीच सूट मिळते. आपल्याकडे ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत केवळ पैशाच्या रूपातील देणगीला आहे. वस्तू कितीही मोलाची असली तरी वस्तुरूप दानाला ती लागू होत नाही.

त्यामुळे माझे मत असे आहे की, संस्थेला ती गाडी जपण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी हवी असेल तरच गाडी द्यावी. अन्यथा ती आपण स्वतः जाणकार संग्राहकाला विकून रक्कम धनादेशाने संस्थेकडे सुपूर्द करावी. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी आपली जुनी टोयोटा क्राउन एका संस्थेला दिली होती, आणि ती चालवत नेऊन आवारात उभी करणारा मीच होतो, म्हणून ती गोष्ट मला आजही लागते. विश्वस्तांचा हेतू चांगला होता, पण गाडीचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. मालकी बदलण्याचे कागद कपाटात राहिले, गाडी तळघरात गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ती छपरापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दार उघडले तर आसनांवर बोटभर गाळ होता. पुढे ती वजनावर भंगारात गेली, आणि तोपर्यंत नोंदणीपुस्तकावर त्या गृहस्थांचेच नाव होते. नोंदीत ज्याचे नाव आहे त्यालाच कायद्याने गाडीचा मालक धरायचे आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तेव्हा गाडी कोणालाही द्या, पण मालकी बदलल्याशिवाय किल्ली हातची सोडू नका.

विक्रीवर कर किती बसेल, ही आपली दुसरी शंका. घरच्या वापराची मोटार ही वैयक्तिक वापराची जंगम वस्तू असल्याने ती भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, आणि म्हणून तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभाचा कर येत नाही. मात्र ती खरोखर वापरात होती हे दाखवता आले पाहिजे. विम्याच्या जुन्या पावत्या आणि वडिलांनी गाडी चालवल्याची छायाचित्रे सांभाळून ठेवावीत. देणगीच्या सवलतीबद्दल मात्र फार आशा धरू नये. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मुळीच मिळत नाही. जुनी असेल तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत समायोजित, म्हणजे इतर वजावटी गेल्यावर उरलेल्या, उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी विचारात घेतली जाते आणि तिच्या निम्मी रक्कम वजा होते. उत्पन्न १२ लाख असताना २० लाख दिले, तरी वजावट ६०,००० रुपयांचीच होईल, आणि उरलेली देणगी पुढच्या वर्षी ओढता येत नाही. म्हणून रक्कम ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे विभागून द्यावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही, आणि संस्थेकडून देणगीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आठवणीने मागून घ्यावे.

कागदांत पहिले काम वारसाचे आहे. गाडी वडिलांच्या नावावर असेतो ती ना विकता येते ना दान करता येते, म्हणून आधी नमुना ३१ भरून ती आईंच्या नावावर करावी, आणि बंधूंचे संमतिपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावे. त्यानंतर ती नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावेत. इतकी जुनी नोंदणी पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते, तेव्हा आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. ही गाडी आता पन्नाशी ओलांडलेली असल्याने २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते; मूळ क्रमांकही कायम राहतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते, त्यामुळे एखादी संस्था ती लग्नाला किंवा चित्रीकरणाला भाड्याने देऊन उत्पन्न मिळवू म्हणत असेल तर ते नियमात बसणार नाही.

गाडी विकायला काढण्यापूर्वी इंजिनामागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावर, ठोकलेला चासी क्रमांक कोरड्या कापडाने पुसून वाचावा. उजव्या स्टिअरिंगच्या निर्यात गाड्यांचा क्रमांक एचएस३० ने सुरू होतो. तो नोंदणीपुस्तकाशी, सीमाशुल्काच्या कागदांशी आणि वडिलांच्या केनियातील लॉगबुकाशी (तिथल्या नोंदणीपुस्तकाशी) अक्षरशः जुळला पाहिजे. लॉगबुक हरवू देऊ नका. २४०झेडने पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९७१ आणि १९७३ मध्ये जिंकली, दुसऱ्या वेळी चालक शेखर मेहता होते. त्याच प्रदेशात चाललेली गाडी आहे याचा पुरावा संग्राहकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यानंतर बॅटरी उचलून तिच्याखालचा पत्रा तपासावा, कारण या गाड्यांना गंज बहुधा तिथून धरतो, आणि पायाखालच्या पत्र्यावर बोटाने ठोकून पाहावे.

बडोद्यात अशा गाड्यांची पारख असलेली माणसे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यावर व्हिंटेज गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हा मी ती मंडळी जवळून पाहिली. त्यांपैकी कोणी पाहायला येणार म्हणून गाडी घाईने चालू करून दाखवू नका. टाकीतले जुने पेट्रोल आधी काढून टाका, स्पार्क प्लग काढून सहाही सिलिंडरांत थोडे तेल सोडा, एक दिवस थांबा, आणि मग इंजिन पान्याने हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरेपर्यंत किल्ली लावू नका.