‘सुधारित’ प्रथिन आणि अस्थानी हाड

‘अनावश्यक हाड तयार होऊ नये म्हणून सुधारित वृद्धिप्रथिने वापरण्यावर संशोधन चालू आहे’ या वाक्यातील ‘सुधारित’ हा शब्द खटकतो, त्याऐवजी काय म्हणावे, आणि हाड बनण्याच्या क्रियेला ‘अस्थिभवन’ लिहावे की ‘अस्थीभवन’, असे विचारले आहे.

शंका रास्त आहे. ‘सुधारित आवृत्ती’ म्हटले की मूळ आवृत्तीतील उणिवा दूर झाल्या, असेच आपण समजतो. येथे घडते ते नेमके उलटे. हाडाच्या वाढीचा संदेश देणारे प्रथिन पेशीवरील दोन प्रकारच्या ग्राहींना (संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) धरून जवळ आणते, तेव्हाच तो संदेश पेशीच्या आत पोहोचतो. प्रथिनातील एखादे अमिनो आम्ल बदलून त्याची एका ग्राहीवरची पकड राखली आणि दुसऱ्यावरची घालवली, तर ते तेथे जागा अडवून बसते; स्वतः संदेश देत नाही आणि मूळ प्रथिनाची वाटही रोखते. वाढीच्या दृष्टीने मुद्दाम निकामी केलेल्या प्रथिनाला सुधारलेले म्हणणे ही वाचकाची दिशाभूल आहे. मी ‘परिवर्तित’ लिहीन. सोप्या लेखनात ‘फेरबदल केलेले’ चालेल. ‘विकृत’ मात्र टाळावे, कारण त्याला रोगाची छटा आहे.

‘अनावश्यक’ हेही मला पुरेसे वाटत नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर, मज्जारज्जूला इजा झाल्यावर किंवा गंभीर भाजल्यावर कधी कधी सांध्याभोवतीच्या मऊ ऊतींत जे तयार होते ते खरेखुरे हाड असते, त्यात जिवंत पेशी आणि रक्तवाहिन्या असतात. चुकलेली असते ती जागा. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवल्यावर तेथे नवे हाड उगवले आणि हाडाच्या वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनांचा माग तेथून लागला. अशा हाडाला ‘अस्थानी’ हा आपला रुळलेला शब्द चपखल बसतो.

आता ऱ्हस्व-दीर्घाविषयी. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, या अर्थी संस्कृतात ‘च्वि’ प्रत्यय लागतो आणि त्यामुळे ‘भू’ किंवा ‘कृ’ धातूपूर्वीचा इकार दीर्घ होतो. जेथे हाड नव्हते तेथे हाड होणे हाच येथील अर्थ असल्याने ‘अस्थीभवन’ दीर्घच हवे. ‘अस्थिभंग’, ‘अस्थिमज्जा’ हे साधे समास असल्यामुळे ते ऱ्हस्व राहतात.